एक तोडलं, एक लावलं. हिशोब फिटला का?



तू-बिश्वात पार पडला. घरोघरी मलिदा झाला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि भोवती फळं मांडून आपण एलियाहू हन्नाबीची आठवण काढली. आपल्या बेने इस्राएल लोकांत हा दिवस खंडाळ्याशी जोडलेला आहे हे वडीलधाऱ्यांना सांगायला नको. पण मुलांनो, हे घाटातलं थंड हवेचं खंडाळा नव्हे. हे अलिबागजवळचं छोटं गाव. तिथल्या खडकावर नबींच्या घोड्याच्या टापांची खूण आहे असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. म्हणजे आपल्याकडे झाडांचा सण आणि कोकणची आठवण एकाच दिवशी येते.

यंदा माझा धाकटा नातू शाळेतर्फे झाड लावायला गेला होता. संध्याकाळी चिखलाचे बूट घेऊन आला. सावताने त्याला दारातच अडवलं, तर तिथूनच ओरडून मला म्हणाला, "सबा, मी आज एक ओरेन लावला! आता कोणी एक झाड तोडलं तरी चालेल. एक गेलं, एक आलं. हिशोब फिटला, हो ना?"

मी पेपर वाचत होतो. "हो रे राजा," म्हणून मोकळा झालो.

रात्री अंथरुणावर पडलो आणि मनाला लागून राहिलं. उत्तर चुकीचं दिलं होतं. मोठ्या माणसाने घाईत दिलेलं चुकीचं उत्तर मुलं खरं धरून चालतात. आणि हे तर असं उत्तर आहे की मोठमोठी सरकारं आणि लाकडाच्या कंपन्याही तेच देतात. म्हणून या वेळचं सदर म्हणजे नातवाला दिलेल्या उत्तराची दुरुस्ती समजा.

आपल्या कोकणातला साग

लांब कशाला जायचं? आपल्या कोकणापासूनच सुरुवात करू. जुन्या घरांतली तुळई, दारं, पाळण्याच्या कड्या लावायचे वासे हे बहुतेक सागाचे. सागाला वाळवी सहजी लागत नाही, पाण्याने तो लवकर कुजत नाही. आपल्या पूर्वजांचा धंदा तेल्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. तो घाणाही लाकडाचाच. तेव्हा लाकूड वापरणं म्हणजे पाप, असं मी म्हणत नाही. लाकडावाचून माणसाचं कधीच चाललेलं नाही.

प्रश्न आहे तो किती तोडायचं आणि किती वेगाने, याचा.

आपल्या तोरेत, देवारीम या पुस्तकात, एक आज्ञा आहे. एखाद्या नगराला वेढा घातला असला तरी तिथली फळझाडं कुऱ्हाडीने तोडू नयेत. लढाईतसुद्धा! आणि गंमत पाहा, आपण ज्या मुलखात शतकानुशतकं राहिलो तिथेही हाच विचार होता. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जे 'आज्ञापत्र' लिहिलं त्यात आरमाराच्या लाकडाबद्दल सूचना आहे. तिचा मतलब असा: साग लागेल तेवढा परवानगीने तोडावा, आणखी लागला तर बाहेरून विकत आणावा. आंबा-फणसाचं लाकूडही गलबतांच्या कामाचं, पण त्याला हात लावू देऊ नये. कारण ही झाडं एक-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात.

बालमित्रांनो, 'एक-दोन वर्षांत होत नाहीत' हे लक्षात ठेवा. आजच्या सगळ्या गोष्टीचं सार त्यातच आहे.

जहाजं आली, मग आगगाडी आली

पुढे इंग्रजांचं राज्य आलं. त्यांच्या देशात ओक नावाच्या झाडाची जहाजं बांधत. ती झाडं कमी पडू लागली तेव्हा त्यांची नजर आपल्या किनाऱ्यावरच्या सागावर गेली. लवजी नुसरवानजी वाडिया नावाचे पारशी कारागीर १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले होते. त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या अशी जहाजं बांधली की इंग्रजांचं आरमारही थक्क झालं. 'ट्रिंकोमाली' नावाची युद्धनौका १८१७ साली तिथूनच पाण्यात उतरली. मलबारच्या सागाची ती नौका आज दोनशेहून अधिक वर्षांनी इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे पाण्यावर उभी आहे. लोक तिकीट काढून बघायला जातात.

कारागिरीला सलाम. पण ते लाकूड आलं त्या डोंगरांचं काय झालं?

१८०६ साली कंपनी सरकारने मलबारात कॅप्टन वॉटसन नावाचा अधिकारी नेमला. त्याचं काम रान राखण्याचं कमी आणि आरमाराला साग पुरवण्याचं जास्त. लोकांच्या जमिनीतला सागही सरकारचा ठरवला. इतकी ओरड झाली की १८२३ साली ती जागाच रद्द केली. मग व्यापाऱ्यांना रान मोकळं मिळालं. तोडून झालेल्या जागी पुन्हा काही लावण्याची घाई कोणालाच नव्हती.

त्यानंतर आली आगगाडी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. १८६३ साली बोरघाट आणि १८६५ साली थळघाट गाडीने ओलांडला. आपले कितीतरी लोक पुढे रेल्वेत नोकरीला लागले, त्या पगारावर मुलं शिकली. रेल्वेबद्दल मला वाईट बोलायचं नाही. पण रुळाखाली लाकडी स्लीपर लागतात आणि ते बारा-चौदा वर्षांत कुजतात. १८७० च्या सुमाराला साऱ्या हिंदुस्थानात दर वर्षी दहा लाखांहून अधिक स्लीपर लागत होते. म्हणजे रूळ टाकून झाले तरी तोड थांबत नाही. जुने काढा, नवे घाला. साग मोठा व्हायला साठ-ऐंशी वर्षं, आणि स्लीपर बारा वर्षांत संपतो. हा हिशोब कुठल्या वाण्याला जमेल?

त्यात मुंबई शहर वाढत होतं. तिथल्या चुलींना लागणारा कोळसा ठाणे-कुलाब्याच्या रानातल्या भट्ट्यांतून यायचा. कातकरी माणसं धुरात उभी राहून तो पाडायची. पैसा जायचा व्यापाऱ्याकडे.

दापोडीच्या डॉक्टरने वाजवलेली घंटा

आता एक गोष्ट सांगतो जी फार थोड्यांना माहीत असते. हवामानबदल हा शब्द आपण अलीकडे टीव्हीवर ऐकायला लागलो. पण झाडं तोडल्याने हवा बदलते ही काळजी आपल्या मुलखात पावणेदोनशे वर्षांपूर्वीच सुरू झाली होती.

डॉ. अलेक्झांडर गिब्सन नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख होता. औषधी झाडं वाढवायची हे त्याचं काम. त्या निमित्ताने तो कोकण आणि घाट फिरायचा. त्याने पाहिलं की डोंगर उघडे पडले की झरे आटतात, माती वाहून जाते, हवेत फरक पडतो. हे तो सरकारला कळवत राहिला. १८४७ साली मुंबई इलाख्याने त्यालाच जंगलांचा मुख्य अधिकारी नेमलं. त्याच वर्षी लंडनहून कंपनीच्या संचालकांनी विचारणा केली, की झाडांचा हवेवर आणि पावसावर काय परिणाम होतो ते कळवा. १८४९ साली मद्रासच्या डॉ. एडवर्ड बाल्फोर यांनी याच विषयावर टिपण छापलं. १८५१ साली इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञांच्या समितीने उष्ण देशांतल्या जंगलतोडीवर अहवाल मांडला.

म्हणजे घंटा वाजली होती. ऐकली कोणी? थोडी ऐकली. १८६५ आणि १८७८ साली जंगलाचे कायदे झाले. पण त्या कायद्यांनी रानावर हक्क सरकारचा झाला, आणि सरकारनेच लाकूड विकायला काढलं. गावकऱ्याने मोळी आणली तर दंड, आणि रेल्वेसाठी डोंगरच्या डोंगर बोडके झाले तर ती प्रगती.

त्या डॉक्टरांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. झाडं गेली म्हणजे सगळा पाऊसच जातो असं तेव्हा पुष्कळांना वाटायचं. गोष्ट इतकी सरळ नाही. आपल्या कोकणात पाऊस समुद्रावरून येतो आणि डोंगराला अडून कोसळतो. पण मूळ शंका खरी होती. आजचं शास्त्र काय सांगतं ते तीन खात्यांत मांडतो. दुकानाच्या वहीत असतात तशी.

पहिलं खातं: कार्बनचं

झाड हवेतला कार्बन डाय-ऑक्साईड घेतं आणि त्यातला कार्बन लाकडात साठवतं. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ अर्धा कार्बन असतो. एक टन सुकं लाकूड जळलं किंवा कुजलं तर हवेत सुमारे १.८ टन कार्बन डाय-ऑक्साईड जातो. हा वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखा बसतो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कारखाने सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. आता ४२० च्या वर गेला आहे.

यातलं बरंचसं पाप कोळसा, पेट्रोल आणि गॅसचं. पण जंगलतोड आणि जमिनीचा बदललेला वापर यांचा वाटाही सुमारे दहाव्या हिश्श्याचा आहे. उलट उभी रानं आणि माती मिळून आपण सोडलेल्या वायूपैकी जवळजवळ तीस टक्के परत ओढून घेतात, तेही फुकट. तोड केली की दोन नुकसानं होतात. साठवलेलं हवेत जातं आणि ओढून घेणारा नोकरही जातो.

कोणी म्हणेल, ट्रिंकोमालीच्या फळ्यांत कार्बन अजून आहेच की! बरोबर. सागाचं जहाज किंवा आपल्या घराची तुळई म्हणजे कार्बनची पेटीच. पण झाडाचा मोठा भाग, म्हणजे फांद्या, मुळं, साल, भुसा, रानातच पडून कुजतो किंवा जळतो. आणि आज तोडलेल्या लाकडाची तुळई होतेच असं नाही. कागद होतो, खोकी होतात, सिमेंट ओतायच्या फळ्या होतात. दोन-चार वर्षांत कचऱ्यात.

आणि नातवाचं रोप? त्यात आज मूठभर कार्बन आहे. तोडलेल्या मोठ्या झाडाएवढा साठायला त्याला साठ, सत्तर, शंभर वर्षं लागतील. तेवढी वर्षं तो वायू हवेत राहणार आणि उष्णता वाढवणार.

दुसरं खातं: पाण्याचं

आपल्या घरी माठ असायचा आठवतो? त्यातलं पाणी गार का व्हायचं? माठ पाझरतो, ते पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. रान हा असाच मोठा माठ आहे. मुळं जमिनीतलं पाणी वर ओढतात, पानं ते वाफ करून सोडतात. म्हणून रानात शिरलं की गार वाटतं. नुसत्या सावलीने तेवढं गार वाटत नाही. उष्ण प्रदेशात रान तोडलं की तो भाग तापतो, त्याला जगाचा धूर कारण असायची गरज नाही.

आणि ती वाफ जाते कुठे? पवईच्या आय.आय.टी.तल्या शास्त्रज्ञांनी हे मोजलं. २०१८ साली त्यांनी छापलं की सह्याद्रीपासून केरळापर्यंतच्या पश्चिम घाटाच्या रानांतून निघालेली वाफ वाऱ्याबरोबर पूर्वेला जाते, आणि तमिळनाडूला जून ते सप्टेंबर मिळणाऱ्या पावसाच्या ओलीत तिचा वाटा २५ ते ४० टक्के असतो. पाऊस ओढ देतो त्या दिवसांत तर अर्ध्यापर्यंत जातो. म्हणजे घाटातलं झाड तोडणाऱ्याला आपण कोणाच्या शेतातलं पाणी तोडतोय हे दिसतही नाही. शेकडो किलोमीटरवरचा शेतकरी आभाळाकडे बघत बसतो.

गिब्सनसाहेबांना हे मोजायची साधनं नव्हती. पण नजर तीच होती.

तिसरं खातं: मातीचं

कोकणातला पाऊस म्हणजे धो-धो. पानांवर पडला की त्याचा जोर मोडतो, पाचोळ्यात मुरतो, मग सावकाश झऱ्याला येतो. उघड्या डोंगरावर पडला की मातीसकट खाली. खाडीत गाळ भरतो, पावसाळ्यात पूर आणि मार्च महिन्यात विहिरीत तळ. ज्यांनी एप्रिलमध्ये दोन हंड्यांसाठी विहिरीवर नंबर लावला आहे त्यांना मी काय सांगावं! आता हवा तापल्यामुळे पाऊसही असा पडतो की कमी दिवसांत जास्त. म्हणजे डोंगरावर झाडं हवीत तेव्हाच ती नाहीत.

कोकणात एक जागा मात्र वाचली. देवराई. देवाच्या भीतीने तिथे कोणी कुऱ्हाड नेली नाही. म्हणून आजूबाजूचं सगळं गेलं तरी देवराईतला झरा पुष्कळ ठिकाणी उन्हाळ्यातही वाहतो. देव कोणाचा का असेना, नियम शहाणा होता.

आता तोड कुठे चालते?

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट. आता स्लीपर काँक्रीटचे, जहाजं लोखंडाची. खरं आहे. पण लाकूड लागायचं थांबलं नाही, तोडायची जागा बदलली.

मुंबईत गेल्या काही वर्षांत घर दुरुस्त केलेल्यांना आठवेल. सुतार म्हणतो, "साग परवडणार नाही शेठ, मरांटीची चौकट घ्या, नाहीतर मलेशियन साल." हे मरांटी म्हणजे मेरांटी, बोर्निओ बेटावरचं लाकूड. भारत हा तिथल्या ओंडक्यांचा मोठा गिऱ्हाईक होता.

बोर्निओ हे जगातलं तिसऱ्या नंबरचं मोठं बेट. त्यातला काही भाग मलेशियात, काही इंडोनेशियात, थोडा ब्रुनेईत. १९७३ साली बेटाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जुन्या रानाने झाकलेला होता. २०१० पर्यंत त्यातलं सुमारे ३० टक्के रान पूर्ण गेलं, १ लाख ६८ हजार चौरस किलोमीटर. आपला इस्राएल सुमारे २२ हजार चौरस किलोमीटरचा. तुम्हीच भागाकार करा. ओंडके ओढून न्यायला जे रस्ते केले त्यांची लांबी मोजली तर २ लाख ७० हजार किलोमीटर भरली. पृथ्वीला जवळजवळ पावणेसात वेढे!

कंपन्या सांगायच्या, आम्ही सगळं रान तोडत नाही, मोठी झाडं तेवढी निवडून काढतो. पण एक मोठं झाड पडताना आजूबाजूची कितीतरी मोडतं. ट्रॅक्टर माती दाबतो. वरचं छप्पर फाटलं की ऊन आत येतं आणि कधी न वाळणारं रान वाळतं. मग रस्त्याने माणसं येतात, उरलेलं जाळून पामतेलाची लागवड करतात. १९९७-९८ साली दुष्काळ पडला तेव्हा तोड झालेली रानं धडाधड पेटली, दलदलीखालची जुनी काळी माती महिनोन्‌महिने जळत राहिली. शास्त्रज्ञांचा अंदाज आहे की १९९७ साली इंडोनेशियाच्या त्या आगींतून निघालेला कार्बन साऱ्या जगाने वर्षभरात जाळलेल्या कोळसा-तेलातल्या कार्बनच्या १३ ते ४० टक्के होता. एका देशातल्या आगीतून!

तिथे पेनान नावाचे रानात राहणारे लोक आहेत. १९८७ साली बायका-मुलांसकट ते रस्त्यावर उभे राहिले आणि लाकडाचे ट्रक अडवले. पुष्कळांना अटक झाली. आमच्या कातकऱ्यांना तर ट्रक अडवायचंही सुचू दिलं नव्हतं कोणी.

आणि हे संपलेलं नाही. २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत शंभराहून अधिक देशांनी २०३० पर्यंत जंगलांचा नाश थांबवण्याचं वचन दिलं. तरी २०२४ या एका वर्षात उष्ण प्रदेशातलं ६७ लाख हेक्टर जुनं रान गेलं, त्यातलं बरंच आगीत. म्हणजे तीन इस्राएल. एका वर्षात.

आपल्या अंगणातली यातीर

आता येऊ आपल्या ओरेनकडे. केरेन कायेमेतने १९०१ पासून या देशात २४ कोटींहून अधिक झाडं लावली. आपल्यापैकी कितीतरी जण आलिया करून आले तेव्हा पहिली मजुरी झाडं लावायचीच मिळाली. उन्हात खड्डे खणले त्या हातांचा मला अभिमान आहे.

नेगेवच्या तोंडाशी यातीर नावाचं रान आहे, १९६४ पासून लावलेलं. पाऊस वर्षाला जेमतेम २८० मिलिमीटर. तरी पाइनची झाडं जगली. तिथे वाइझमन संस्थेच्या प्रा. दान याकीर यांनी २००० साली मनोरा उभारून रानाचा श्वास मोजायला सुरुवात केली. रान कार्बन भरपूर घेतं हे दिसलं. पण दुसरीही गोष्ट दिसली. वाळवंटाची फिकट जमीन ऊन परत फेकते आणि गडद झाडं ते शोषून घेतात. पाणी कमी म्हणून माठासारखं गारही करता येत नाही. त्यामुळे सुरुवातीला असं रान उष्णताच वाढवतं, आणि कार्बन साठवून ते भरून काढायला त्याला अनेक दशकं लागतात. हे त्यांनी २०१० साली छापलं. २०२२ साली त्यांच्या गटाने जगभरच्या कोरड्या प्रदेशांचा हिशोब केला. जिथे जिथे शक्य तिथे सगळीकडे झाडं लावली, तरी या शतकाच्या अखेरपर्यंत माणूस जेवढा वायू सोडण्याची शक्यता आहे त्यापैकी सुमारे १ टक्क्याचीच भरपाई होईल.

म्हणून झाडं लावू नयेत का? असं मुळीच नाही. यातीरमध्ये सावली आहे, पक्षी आहेत, माती धरलेली आहे, सुट्टीच्या दिवशी मुलं खेळतात. पण बोर्निओत शंभर फुटी झाड तोडायचं आणि वाळवंटात रोप लावून 'बरोबर झालं' म्हणायचं, हे खोटं जमाखर्चाचं पान आहे.

नातवाला दिलेलं दुसरं उत्तर

शब्बाथच्या दुपारी नातवाला जवळ बसवलं. म्हटलं, "बाळा, त्या दिवशी मी चुकलो. हिशोब फिटत नाही."

तोंड पडलं त्याचं. "मग मी उगाच लावला?"

मी त्याला तल्मूदमधली होनीची गोष्ट सांगितली. म्हातारा माणूस खरूव लावत होता. होनीने विचारलं, फळं कधी येणार? म्हणाला, सत्तर वर्षांनी. मग तू कशाला लावतोस? तर म्हाताऱ्याने सांगितलं की माझ्यासाठी आजोबा-पणजोबांनी लावून ठेवलं होतं, मी नातवंडांसाठी लावतो.

"म्हणजे," नातू बोटं मोजत म्हणाला, "सत्तर वर्षांनी मी तुझ्यासारखा म्हातारा होणार. तेव्हा माझा ओरेन मोठा?"

"हो."

"आणि आज कोणी मोठं झाड तोडलं, तर ते परत मोठं व्हायला मी म्हातारा होईपर्यंत थांबायचं?"

"हो रे राजा." या वेळी पेपर बाजूला ठेवून म्हणालो.

थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग आधी तोडू नका म्हणून सांगायचं, आणि नंतर लावायचं."

वाचकहो, माझं अख्खं सदर त्याने एका वाक्यात आटोपलं. रोप लावणं म्हणजे नातवंडांच्या नावाने ठेव ठेवणं. जुनं रान तोडणं म्हणजे नातवंडांच्या नावाने कर्ज काढणं. ठेव छोटी, कर्ज मोठं. आधी कर्ज काढणं थांबलं पाहिजे.

आपण म्हातारे काय करणार? थोडं आहेच हातात. घरात नवं फर्निचर घेताना लाकूड कुठलं ते दुकानदाराला विचारा. माहीत नाही म्हणाला तर दुसरीकडे जा. जुनं कपाट पॉलिश करून वापरा, त्यातला कार्बन त्यातच राहू द्या. मुंबईत भावाबहिणींचं घर दुरुस्त होत असेल तर जुनी सागाची दारं भंगारात घालू नका म्हणून फोनवर सांगा. आणि नातवंडांना आपल्या गावची विहीर, देवराई, डोंगर यांच्या गोष्टी सांगा. तिथे रान कुठवर होतं हे सांगणारे आपणच शेवटचे उरलो आहोत.

मुलांसाठी घरचा प्रयोग

अंगणातल्या झाडाच्या पानं असलेल्या एका फांदीला सकाळी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घालून तोंड दोऱ्याने बांधा. झाड उन्हात हवं. दुपारनंतर पिशवीत काय दिसतं ते बघा. ते पाणी कुठून आलं? चमच्याने मोजा. मग त्या झाडावर अशा किती फांद्या आहेत ते मोजा आणि गुणाकार करा. झाल्यावर पिशवी आठवणीने काढा, नाहीतर पानं गुदमरतील. उत्तर मराठीत लिहा, आजी-आजोबांची मदत घ्यायला हरकत नाही.

पुढच्या अंकात भेटूच.